शर्यत कुठल्या पाण्यात? नाशिकच्या एका पॉवरबोट प्रस्तावाचा अभ्यास

नाशिकमधल्या काही मोटर-क्रीडाप्रेमी तरुणांनी शहरात पॉवरबोटींची शर्यत घ्यायचं मनावर घेतलं आणि परवानग्यांच्या मागे लागण्याआधी आराखडा तपासायला दिला. तपासणारे आम्ही तिघं होतो. एक पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य घालवलेले निवृत्त अभियंता, एक पाण्यातल्या बचावकार्याचं प्रशिक्षण देणारे, आणि तिसरा मी. दोघांचं म्हणणं कागदावर आणून त्यातून निर्णयापर्यंत पोचणं हे माझं काम. गटाचं किंवा कुणा व्यक्तीचं नाव इथे देत नाही. आपल्या भागात जलक्रीडा वाढाव्यात असं वाटणाऱ्या प्रत्येकाला या प्रकरणातले प्रश्न कधी ना कधी पडणार आहेत, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

आराखडा असा होता. एकेकट्याने चालवायच्या आठ हलक्या, सपाट तळाच्या बोटी. मागे साठ अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन. शांत पाण्यावर ताशी ८० ते ९० किलोमीटर वेग. एप्रिलमधला शनिवार-रविवार, सुरुवात दुपारी तीनला. जागा गोदावरीचीच, गोदापार्कलगतचा पट्टा. जागेची कारणंही दिली होती: दोन्ही काठांवर लोकांना उभं राहता येतं, गाड्या लावायला सोय आहे, हॉटेलं जवळ आहेत, फोटो सुंदर येतील, प्रायोजक खूश होतील. सुरक्षेचा मजकूर शेवटच्या पानावर होता: प्रत्येकाला लाइफ जॅकेट आणि हेल्मेट, एक रुग्णवाहिका, दोन जीवरक्षक.

गटातल्या मुलांचा उत्साह खरा होता आणि अभ्यासही होता. त्यांचा युक्तिवाद असा की, मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पी-वन पॉवरबोटींची शर्यत झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये आंध्रात अमरावतीच्या नावाने एफ-वन एच-टू-ओ ही जागतिक मालिका कृष्णा नदीत उतरली. मग नाशिकला काय कमी आहे? नदी आहे, धरणं आहेत, हौस आहे.

प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी त्या दोन जागा नीट पाहिल्या.

मुंबईत धावलेल्या पी-वनच्या बोटी खोल ‘व्ही’ आकाराच्या तळाच्या. लाट कापत जाण्यासाठीच त्या बांधलेल्या असतात आणि त्यांच्यासमोर मोकळा समुद्र होता. एखादी बोट भरकटली तर ती पाण्यातच भरकटते, कशावर आदळत नाही. कृष्णेतली शर्यत वेगळ्या जातीच्या बोटींची. त्या दोन सुळक्यांच्या, मधून बोगद्यासारखी पोकळी असलेल्या. पोकळीतून शिरलेली हवा बोटीला उचलून धरते आणि ताशी २०० किलोमीटरच्या पुढे गेल्यावर तळाचा अगदी थोडा भाग पाण्याला टेकलेला असतो. अशा बोटींना पाणी सपाट हवं आणि त्याची पातळी ठरलेली हवी. विजयवाड्याच्या प्रकाशम बॅरेजमागचा (बॅरेज म्हणजे दारांचा बंधारा) कृष्णेचा फुगवटा तसा आहे. पात्र रुंद, बॅरेजच्या दारांमुळे पातळी बरीचशी स्थिर. म्हणजे दोन्ही ठिकाणी पाणी बोटीच्या जातीला साजेसं होतं. नाशिकच्या प्रस्तावात बोट एका कारणासाठी निवडली होती (ती परवडत होती) आणि पाणी दुसऱ्याच कारणासाठी (तिथे गर्दी जमते). दोघांची गाठ कुणी घालून पाहिली नव्हती.

नदीच्या भिंती

गोदापार्कचा पट्टा बाद करायला आम्हाला फार वेळ लागला नाही. पण तो का बाद होतो हे मुलांना पटणं गरजेचं होतं, कारण त्यांचं सगळं अर्थकारण त्या काठावर उभं होतं.

बोट धावते तेव्हा मागे लाटा सोडते. उतरत्या, मातीच्या किंवा वाळूच्या काठावर ती लाट चढते, फुटते आणि तिथेच विरते. उभ्या दगडी किंवा काँक्रीटच्या भिंतीवर आपटली तर जवळपास तेवढ्याच जोराने परत फिरते. दोन्ही काठांना भिंती असल्या की लाटा मागे-पुढे फिरत राहतात, एकमेकींवर चढतात, आणि दुसऱ्या फेरीत चालकासमोर जे पाणी येतं ते पहिल्या फेरीत त्याने स्वतःच खवळवलेलं असतं. आठ बोटी असतील तर आठ जणांनी. सपाट तळाच्या बोटीचं नाक अशा लाटेवर उचललं गेलं आणि खाली हवा शिरली की बोट मागच्या मागे उलटते. नाक लाटेत घुसलं तर उलट घडतं: बोट जागच्या जागी थांबते आणि चालक पुढे फेकला जातो.

हे कागदी गणित नव्हे. डोनाल्ड कॅम्पबेल हा ब्रिटिश विक्रमवीर ४ जानेवारी १९६७ रोजी कॉनिस्टन तळ्यावर गेला, तेव्हा त्याची पहिली फेरी ताशी ३०० मैलांच्या किंचित आत झाली होती. पाणी शांत व्हायची वाट न पाहता तो परत फिरला. परतीच्या फेरीत ‘ब्लूबर्ड’ ३०० मैलांच्या वर असताना तिचं नाक उचललं गेलं, ती हवेत कोलांटी खाऊन पाण्यावर आदळली आणि कॅम्पबेल गेला. अपघाताच्या कारणांची चर्चा आजही चालते, इंजिनाचा जोर तुटल्याचंही त्यात येतं. पण त्याच्या पहिल्याच फेरीच्या लाटा अजून तळ्यात फिरत असाव्यात, हा मुद्दा त्या चर्चेत वारंवार येतो. दुसरं उदाहरण गोदापार्कच्या आणखी जवळचं आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराच्या जुन्या गोदीत १९७२ ते १९९० या काळात पॉवरबोटींच्या शर्यती होत. शहराच्या मधोमध, अरुंद पाणी, दोन्ही बाजूंना उभे दगडी धक्के आणि त्यांवर हजारो प्रेक्षक. ती शर्यत अतिशय लोकप्रिय होती. त्याच पाण्यात चालकांचे जीवही गेले. तिथल्या भिंती प्रेक्षकांसाठी सज्जा होत्या, चालकांसाठी शेवट.

भिंतीचा आणखी एक प्रश्न वळणावर येतो. सुकाणू तुटलं, इंजिन अडकलं किंवा चालकाचा हात सुटला, तर वळणातली बोट वळत राहत नाही. ज्या क्षणी ताबा सुटला त्या क्षणाच्या दिशेने सरळ सुटते. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. चार सेकंदांत शंभर मीटर. त्यामुळे मार्ग आखताना वळण दाखवणाऱ्या प्रत्येक तरंगत्या खुणेच्या, म्हणजे बोयाच्या, बाहेरच्या अंगाला सरळ रेषा ओढून ती कुठे जाऊन टेकते ते पाहावं लागतं. गोदापार्कच्या नकाशावर आम्ही अशा रेषा ओढल्या. एकूण एक रेषा भिंतीला किंवा घाटाच्या पायऱ्यांना टेकली, आणि पायऱ्यांवर आराखड्याप्रमाणे प्रेक्षक बसणार होते.

इथे बाकीची कारणं थोडक्यात सांगतो. पाणवेली आणि वाहून आलेल्या कापडाच्या चिंध्या पंख्यात अडकतात. नदीत सांडपाणी मिसळतं, ते चालकाच्या नाकातोंडात जाणं हा वेगळाच धोका. आणि गर्दी. ऑगस्ट २००३ मध्ये सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविक गेले, हे या शहराने पाहिलं आहे. पाण्याकडे एकाच बाजूने उतरणाऱ्या वाटा आणि पुढे काय चाललंय ते पाहायला मागून रेटणारे लोक, एवढं जमलं की पुढचं सांगावं लागत नाही.

हेल्मेटने काय होतं आणि काय होत नाही

गटातल्या एकाने विचारलं, “पण सर, आता तर चालकाला कॅप्सूलमध्ये बसवतात. आपण तेवढा खर्च केला तर?”

या प्रश्नाने चर्चेची दिशा बदलली, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर देतो. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत वरच्या वर्गातले चालकही उघड्या बोटीत, पट्टा न लावता बसत. अपघातात बाहेर फेकलं जाणं हाच बचाव मानला जाई. १९८४चा हंगाम चालकांच्या मृत्यूंनी काळवंडला आणि त्यानंतर क्रिस हॉजेस या ब्रिटिश बांधणीकाराने चालकाभोवती मजबूत कवच बांधण्याची पद्धत पुढे आणली. आज एफ-वन एच-टू-ओसारख्या वर्गात चालक बंद कवचात, पट्ट्यांनी आवळलेला असतो. बोट उलटली तर डोक्याकडची बाजू पाण्याखाली खोल जाऊ नये म्हणून फुगणारी पिशवी असते. उलट्या, बुडालेल्या कॉकपिटमधून सुटून दाखवण्याची चाचणी दिल्याशिवाय त्याला शर्यतीत उतरता येत नाही.

या कवचाने आदळण्याचा धोका खूप कमी केला आणि त्याची जागा बुडण्याच्या धोक्याने घेतली. पट्ट्यात अडकलेला, डोकं खाली असलेला माणूस बेशुद्ध असेल तर स्वतः सुटू शकत नाही. त्याला पाणबुड्यानेच सोडवावं लागतं, आणि मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत कायमचं नुकसान सुरू होतं. म्हणजे कवच घेतलं की पाण्याची खोली, तळाची स्वच्छता, पाण्यात किती अंतरावरचं दिसतं आणि बचावबोट किती जवळ आहे, या चार गोष्टी आधीपेक्षा जास्त महत्त्वाच्या होतात. गाळाच्या पाण्यात उलटलेल्या बोटीखाली जाणाऱ्या पाणबुड्याला हात लावूनच पट्टा शोधावा लागतो.

गटाच्या बोटी उघड्या होत्या. तिथे धोका वेगळा. चालक पाण्यात पडणार, आणि मागून येणाऱ्या बोटीला तुषारांमुळे तो दिसणार नाही. यावर उपाय साधे आहेत आणि त्यांत तडजोड नको: चालकाच्या अंगाला बांधलेली किल-स्विचची दोरी, म्हणजे तो पडताच इंजिन बंद, भडक केशरी हेल्मेट, मांडीखालून पट्टा असलेलं जॅकेट, जे आपटल्यावर डोक्यावरून निघून जाणार नाही. आणि एकावेळी पाण्यात कमी बोटी. शेवटचा उपाय कुणालाच आवडत नाही, कारण शर्यतीची मजा झुंबडीत असते.

गंगापूर धरण

नदी बाद झाल्यावर सगळ्यांच्या तोंडी स्वाभाविकपणे गंगापूर आलं. शहराच्या पश्चिमेला, गोदावरीवरचं हे मातीचं धरण नाशिककरांच्या रोजच्या बोलण्यातलं आहे. पावसाळ्यात ‘गंगापूर किती भरलं’ हा प्रश्न भाजीच्या गाड्यावरही निघतो. पूर्ण साठा ५,६३० दशलक्ष घनफूट. पाणी भरपूर, काठ बहुतेक ठिकाणी उतरता, भिंती नाहीत. लाटांच्या दृष्टीने ही जागा नदीपेक्षा कितीतरी चांगली.

आमच्या अभियंत्यांनी मात्र पहिलाच प्रश्न विचारला: “कुठल्या महिन्यातलं गंगापूर?”

बॅरेजमागचं पाणी आणि साठवण धरणाचं पाणी यांत हाच फरक आहे. गंगापूर भरतं ते वापरून संपवण्यासाठी. ऑक्टोबरात पाणी आरक्षणाची बैठक होते, मग शेतीची आवर्तनं सुटतात, शहराची उचल रोज चालू असते, तुटीच्या वर्षी खाली जायकवाडीसाठीही पाणी सोडावं लागतं. एप्रिलपर्यंत पातळी खूप खाली गेलेली असते, काठ शेकडो पावलं मागे सरकलेला असतो आणि मधल्या पट्ट्यात पाय रुतवणारा गाळ उघडा पडतो. डिसेंबरात मोजून आखलेला मार्ग एप्रिलमध्ये वेगळ्याच पाण्यात असतो.

सावरगावच्या बाजूला मासे धरणारे एक काका आम्हाला त्यांच्या होडीतून घेऊन गेले. प्रशिक्षक त्यांना म्हणाले, “काका, इथं तर भरपूर खोल दिसतंय.” काका हसले. “साहेब, दोन पुरुष पाणी उतरलं ना, की ही बाभळीची खोडं डोकं काढतात. त्या अंगाला जुना बांध आहे, दगडाचा. आत्ता तुम्हाला नुसतं पाणी दिसतंय.” मग त्यांनी जाळी दाखवली. थर्माकोलच्या तुकड्यांवर आणि रिकाम्या बाटल्यांवर तरंगणारी, दुरून कचरा वाटावा अशी. शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप आणि त्यांचे फुटव्हॉल काठापासून बरेच आत आलेले होते, कारण पाणी उतरत जाईल तसे ते पुढे सरकवतात. ताशी ९० किलोमीटरने जाणाऱ्या बोटीला यांतलं एकही दिसणार नाही.

दोरीला वजन बांधून आणि मासे शोधायच्या छोट्या यंत्राने आम्ही तीन ठिकाणी खोली पाहिली. त्यावरून एक नियम ठरवला: मार्गावर आणि त्याच्या बाहेर शंभर मीटरपर्यंत शर्यतीच्या दिवशी किमान तीन मीटर पाणी हवं, आणि मोजणी शर्यतीच्या आदल्या आठवड्यात पुन्हा व्हायला हवी. तीन मीटर कुठल्या आंतरराष्ट्रीय पुस्तकातून आणलेले नाहीत. उलटलेली बोट, तिच्याखाली माणूस आणि त्याच्याखाली पाणबुड्या, एवढ्यांना जागा हवी म्हणून ते ठरवले.

मग वारा. गंगापूरचा जलाशय धरणापासून पश्चिमेकडे पसरला आहे आणि उन्हाळ्यातला जोराचा वारा पश्चिमेचा. म्हणजे वाऱ्याला जलाशयाची पूर्ण लांबी मोकळी मिळते. मोकळं पाणी जितकं लांब तितकी लाट मोठी. दुपारी तीनला, एप्रिलमध्ये, धरणाच्या भिंतीकडच्या पाण्यावर पांढरे फेस दिसतात. त्यात वळिवाची भर. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण बुडाले. वारा आला तेव्हा बोट मधोमध होती. शर्यतीची बोट त्या प्रवासी बोटीपेक्षा हलकी आणि वेगवान असते, म्हणजे वाऱ्यापुढे आणखी दुबळी. एप्रिलची दुपार हा या प्रस्तावातला सर्वांत घातक भाग होता, जागेच्या निवडीइतकाच.

यातून उरतो तो काळ चिंचोळा आहे. पावसाळ्यात सांडव्यावरून विसर्ग असतो, तेव्हा विचारही नको. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत पातळी बऱ्यापैकी असते आणि सकाळी वारा पडलेला असतो. पण भल्या पहाटे पाण्यावर धुकं असतं. म्हणून साडेनऊ ते साडेअकरा. दोन तास. यात सलामी, भाषणं, फीत कापणं काही बसत नाही; ते काठावर दुपारी करावं.

धरणाला धोका होईल अशी भीती काहींनी व्यक्त केली. ती मला अवाजवी वाटते. मातीच्या धरणाच्या पाण्याकडच्या उतारावर दगडांचं अस्तर, म्हणजे पिचिंग, असतं ते वाऱ्याच्या लाटांसाठीच, आणि दर उन्हाळ्यात ते याहून मोठ्या लाटा सोसतं. आठ लहान बोटींनी दोन दिवसांत त्याला काही होणार नाही. खरा अडथळा पिण्याच्या पाण्याचा आहे. शहराचं पाणी इथून उचललं जातं. जुन्या पद्धतीच्या, कार्बुरेटर असलेल्या टू-स्ट्रोक इंजिनातून पेट्रोलचा पाव हिस्सा किंवा जास्तही न जळता बाहेर पडतो, तेलासकट. आठ बोटींनी दिवसाला प्रत्येकी पंचवीस लिटर जाळलं तर दोनशे लिटर. त्यातलं पन्नासच्या आसपास लिटर थेट पाण्यात. साठ्याच्या मानाने हे थोडं आहे, बरंचसं उडूनही जाईल, हे मान्य. तरी जे पाणी लाखो घरांत पोचतं त्याच्या पृष्ठभागावर हौसेसाठी पेट्रोलचा तवंग सोडायला आमच्यातलं कुणीही सही करणार नव्हतं. गटाकडची इंजिनं टू-स्ट्रोक होती. फोर-स्ट्रोक भाड्याने आणली तर हा आक्षेप बराच सौम्य होतो, संपत नाही.

विजेच्या बोटींचाही विषय निघाला. २०२४ मध्ये जेद्दाहून विजेवर चालणाऱ्या बोटींची ई-वन ही जागतिक मालिका सुरू झाली आहे. तेलाचा प्रश्न त्यात सुटतो. पण बोट तेवढ्याच जोराने आदळते, आणि वर मोठ्या विद्युतदाबाची बॅटरी पाण्यात असते, म्हणजे बचाव करणाऱ्यांना त्याचं वेगळं प्रशिक्षण लागतं.

बाकीची पाणी

नांदूर मधमेश्वरचं नाव कुणीतरी काढलं आणि तिथल्या तिथे मागे घेतलं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा तो इंग्रजांच्या काळातला बंधारा, गाळाने उथळ झालेला, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. जो हिवाळा आम्हाला बोटींसाठी योग्य वाटत होता त्याच हिवाळ्यात तिथे हजारो पाहुणे पक्षी उतरतात. तिथे इंजिन नकोच.

मुकणे आणि दारणा ही दोन्ही पाणीपुरवठ्यात गुंतलेली, दोन्हींची पातळी गंगापूरसारखीच उतरती. गिरणा धरण मोठं आहे, मोकळं आहे, पण शहरापासून इतकं दूर की तिथे गंभीर जखमीला हाताळू शकेल असं रुग्णालय गाठायला लागणारा वेळच त्याला बाद करतो. जलाशय निवडताना पाण्याइतकाच रस्ता पाहावा लागतो. गंगापूरची जमेची बाजू इथे दिसते. शहरातली मोठी रुग्णालयं जवळ आहेत, शनिवार-रविवारी तिकडच्या रस्त्यावर फिरायला निघालेल्यांची गर्दी नसेल तर.

बचावाचं गणित

हा भाग प्रशिक्षकांनी फळ्यावर मांडला. बचावबोट लाटांवर ताशी ४० किलोमीटरने गेली तर सेकंदाला ११ मीटर. इशारा मिळून निघायला दहा सेकंद धरा. पडलेल्या माणसापाशी तीस सेकंदांत पोचायचं तर प्रवासाला वीस सेकंद उरतात, म्हणजे २२० मीटर. याहून लांब कुठलाही बिंदू मार्गावर असता कामा नये. सहाशे मीटर लांब आणि दीडशे मीटर रुंद मार्ग घेतला तर दोन्ही टोकांपासून दीडशे मीटर आत एकेक बोट ठेवून सगळा मार्ग त्या वर्तुळांत येतो. तिसरी बोट राखीव. प्रत्येक बोटीत चालक, पाण्यात उडी घेणारा, आणि मान न हलवता माणसाला फळीवर घेणारा, असे तिघं. एक बोट कामाला लागली की लाल झेंडा, सगळ्या बोटी थांबल्या. आराखड्यातले दोन जीवरक्षक काठावर उभे राहणार होते.

मान हा वेगळा विषय आहे. वेगाने पाण्यावर आपटलेल्या माणसाची मान मोडलेली असू शकते असं धरूनच त्याला उचलावं लागतं. काखेत हात घालून ओढत काढलं तर जीव वाचून माणूस आयुष्यभर लुळा पडू शकतो. घाटावर पोहणारे आपले जीवरक्षक बुडणाऱ्याला काढण्यात तरबेज आहेत, पुरात त्यांनी केलेलं काम नाशिकने पाहिलं आहे. पण हे काम निराळं आहे आणि ते शिकवावं लागतं.

“बाहेरून पथक मागवू,” असं गटाने सुचवलं. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्याला आहे, राष्ट्रीय दलाची पुण्याला. दोन्ही तासांच्या अंतरावर. आमचा हिशोब सेकंदांचा होता. आणि बचाव हे स्वतःच किती धोक्याचं काम आहे, हे मे २०२४ मध्ये शेजारच्या अकोले तालुक्यात दिसलं. सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्या तरुणांना शोधायला गेलेल्या राज्य दलाची बोटच भोवऱ्यात उलटली आणि तीन जवान गेले. प्रशिक्षित माणसं, चांगली बोट, तरीही. प्रशिक्षक हे सांगताना थांबले होते. मग म्हणाले, “शर्यत हौसेची असते. आपल्या हौसेसाठी दुसऱ्याला त्या पाण्यात पाठवताना आधी ते पाणी आपण पाहिलेलं असलं पाहिजे.”

निर्णय आणि मतभेद

आम्ही दिलेलं मत असं. गोदापार्क नाही, कुठल्याही स्वरूपात. एप्रिल नाही. गंगापूरमध्ये आठ बोटींची एकत्र शर्यत नाही. गंगापूरच्याच एखाद्या वाऱ्यापासून आडोसा असलेल्या कोपऱ्यात, शहराचं पाणी उचलणाऱ्या विहिरीपासून (जॅकवेल) आणि धरणाच्या भिंतीपासून दूर, फोर-स्ट्रोक इंजिनांवर, एकावेळी एकच बोट सोडून वेळेची चढाओढ घेता येईल. अट अशी की जलसंपदा विभाग, महापालिका, पोलीस आणि बोटींची नोंदणी व तपासणी पाहणारं मेरीटाइम बोर्ड या सगळ्यांच्या लेखी परवानग्या आधी हातात असतील. एकच बोट पाण्यात असली की टक्कर नाही, दुसऱ्याच्या लाटा नाहीत. दोन फेऱ्यांमध्ये पाणी निवळेपर्यंत थांबायचं. प्रेक्षक एकाच काठावर, मार्गाच्या लांब बाजूला समांतर. वळणांच्या बाहेर कुणीही नाही, धरणाच्या भिंतीवर तर नाहीच.

गटात यावर खरा मतभेद झाला. सर्वांत तळमळीचा मुलगा नाराज झाला, आणि त्याचं म्हणणं मला आजही दुर्लक्ष करण्यासारखं वाटत नाही. “अशी प्रत्येक गोष्ट नाही म्हणत गेलो तर इथं कधी कुणी तयारच होणार नाही. चांदवडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रिओ ऑलिम्पिकला रोइंगमध्ये गेला, पण त्यासाठी त्याला फौजेत जाऊन पुण्यात वल्हं हातात घ्यावं लागलं. नाशिकला एवढं पाणी असून.” त्याचं दुःख खरं आहे. आपल्याकडे पाणी एकतर पिण्याचं, नाहीतर शेतीचं, नाहीतर देवाचं. खेळाचं पाणी म्हणून राखलेलं काही नाही. जोवर असं एखादं कायम पाणी, मोजलेला तळ, बांधलेला धक्का आणि पगारी बचावपथकासह उभं राहत नाही, तोवर दर वेळी कुणीतरी नकाशावर बोट ठेवून ‘इथे घेऊ’ म्हणणार आणि आमच्यासारखे कुणीतरी नाही म्हणणार. अभियंत्यांनी त्याला सुचवलं की शेततळ्यांपेक्षा मोठा, पिण्याच्या योजनेत नसलेला एखादा पाझर तलाव शोधावा, किंवा जुनी खाण. खाणीच्या उभ्या भिंतींचा प्रश्न मी काढला, तेव्हा तो मुलगाच हसून म्हणाला, “लाटा परत येतील, माहीत आहे सर.”

शेवटी गटाने तारीख जानेवारीवर नेली, शर्यतीची वेळेची चढाओढ केली आणि पहिलं काम म्हणून कार्यक्रमाऐवजी बचावपथकाचं प्रशिक्षण ठरवलं. त्याचा खर्च प्रायोजकाच्या फलकांच्या रकमेतून वळवायला ते तयार झाले, हे मला सगळ्यांत आवडलं.

एका कलमावर मात्र बराच वेळ घासाघीस झाली. कार्यक्रम थांबवण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार कुणाकडे? आराखड्यात तो आयोजन समितीच्या अध्यक्षांकडे होता. आमचा आग्रह होता की तो बचावप्रमुखाकडे असावा, एकट्याकडे, कारण न देता, आणि त्याच्या निर्णयावर त्या दिवशी चर्चा नाही. प्रमुख पाहुणे येऊन बसलेत, लोक जमलेत, वारा थोडासाच वाढलाय, अशा वेळी अध्यक्षाला नाही म्हणणं जड जातं. बचावप्रमुखाला त्या खुर्च्यांकडे पाहायचं कारण नसतं. गटाने हे मान्य केलं आणि प्रायोजकाशी होणाऱ्या करारातही ते कलम घातलं: बचावप्रमुखाने कार्यक्रम रद्द केला तर रक्कम परत मागता येणार नाही.